भायलीच्या भाच्यास



ताई सांगत होती, बीएमआय 24 आला म्हणून तू खुशीत आहेस. जास्त वजनाचा तो 25चा आकडा गोऱ्यांच्या बांध्याचा. आपल्याकडे 23लाच वजन जास्त आणि 25ला लठ्ठपणा धरतात. हातपाय काडीसारखे आणि पोटात चरबी, हा आपल्या लोकांचा घाट पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलाय. तेव्हा वजनकाटा राहू दे, टेप घे. बेंबीपाशी 90 सेंटिमीटरच्या वर भरलं, तर साखर तपासून घे.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहत होतास तेव्हा शेव-उसळ खायला निदान पायी तरी जायचास. आता भायलीत खुर्चीवरून न उठता मागवतोस. वर तर्री, वेगळी पुडी शेवेची, आणि पाव कोण मोजतो! शंभर ग्रॅम शेवेत पाचशेच्या वर कॅलरी असतात. त्या चालून जिरवायच्या तर तुझ्या वजनाच्या माणसाला दोन तास लागतील. म्हणजे 'उद्या जास्त चालेन' हा हिशेब कधी जुळायचा नाही. खाणं ताटातच कमी करायचं. चालायचं ते साखर ताब्यात राहावी, स्नायू टिकावेत म्हणून. आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल इतकं झपझप.

आपल्या घराण्याची आणखी एक खोड आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली आजोबांनी जोर-बैठका काढल्या, त्यांना तूप-बदाम पचायचं. पुढे आखाडा सुटला, खुराक तेवढा वारशाने आला! याच बडोद्यात मुजुमदारांनी व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. आमच्याकडे ते कपाटात आहेत, म्हणजे तेही बसूनच.

जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. आधी जेवणानंतर पंधरा मिनिटं फिर, मीटिंगचे फोन उभ्याने घे, चार वाजताचा फरसाणाचा डबा बंद कर, तिथे भाजलेले चणे ठेव. ताईला म्हणावं, डाळीतला गूळ निम्मा कर. गुजराती शेजार मलाही प्रिय आहे, पण रोज नको.

उत्तरायणाला उंधियू पोटभर खा, दसऱ्याला फाफडा-जलेबीही खा. दर रविवारी दसरा असतो, असं मात्र कुठल्या पंचांगात मला सापडलेलं नाही. कंबरेचा आकडा कळव, ताईला न विचारता.

तुझा,
मामा