सातबाऱ्यावर बाईचे नाव

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या शिबिरात समारोपाच्या दिवशी ‘ग्रामविकास आणि स्त्रिया’ या विषयावर मला बोलायला सांगितले होते. मी टिपणे काढून नेली होती. पंचायतीतील राखीव जागा, बचत गट, साक्षरता, सगळे ओळीने सांगितले. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर गावातल्या एका वयस्क बाईने मला जवळ बोलावून विचारले, “पोरी, तुझ्या आईच्या नावावर किती वावर आहे?” मला सांगता येईना. आईच्या नावावर काही आहे की नाही, हे मी एकोणीस वर्षांत कधी विचारलेच नव्हते.

सुट्टीत घरी गेल्यावर मी सातबारा काढून पाहिला. आमचे गाव चांदवड तालुक्यातले. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे सरकारी कागद वाचायचा झाला की तो माझ्याकडे येतो. पण आजवर मी फक्त गट नंबर आणि क्षेत्र वाचून दाखवत असे. ‘सातबारा’ म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन उतारे एकत्र. सातमध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते, आणि बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक घेतले ते. आमच्या बारामध्ये कांदा आहे, मका आहे. सातमध्ये नाना, माझे दोन काका आणि आजी अशी चार नावे सामाईकात आहेत. आईचे नाव नाही.

आता हा बारामधला कांदा कसा होतो ते नाशिक जिल्ह्यातल्या वाचकांना मी काय सांगावे! तरीही सांगते, कारण शहरातल्या माझ्या मैत्रिणींना कांदा फक्त महाग झाला की आठवतो. उळे टाकून रोप तयार करायचे, मग थंडीत ते उपटून वाफ्यात लावायचे. लागणीला बाया ओळीने वाकून बसतात आणि वाफ्यामागून वाफा मागे सरकत जातात. संध्याकाळी आईला कंबर सरळ करायला उंबऱ्याचा आधार घ्यावा लागतो. पुढे खुरपणी. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी, मग पात कापणे, निवडणे, चाळीत भरणे. नाना काम करीत नाहीत असे मी म्हणणार नाही. रात्रीची वीज असली की कडाक्याच्या थंडीत पाणी भरायला तेच जातात. पण कांदा ट्रॅक्टरमध्ये चढला की त्याचा आईशी संबंध संपतो. लासलगावला किंवा पिंपळगावला लिलाव होतो आणि हिशेबाची पट्टी नानांच्या नावाने येते.

नाव नसल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत तिला शेतकरी सभासद म्हणून पीककर्ज मिळत नाही. २०१९ पासून केंद्र सरकारचे वर्षाला सहा हजार रुपये शेतकऱ्याच्या खात्यात येतात, तेही जमीन ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात. कागदाच्या भाषेत आई शेतकरी नाहीच. ती शेतकऱ्याची बायको. आमच्या घरापुरतीच ही गोष्ट नव्हे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीखातेदारांपैकी स्त्रिया १४ टक्क्यांच्या आसपासच होत्या.

सातबाऱ्यावरील आजीच्या नावाने मी आधी थोडी सुखावले होते. मग फेरफार वाचला. आजीचे नाव लागले ते आजोबा वारल्यानंतर, वारस म्हणून. म्हणजे आमच्याकडे बाईचे नाव जमिनीला लागायचे तर आधी तिचे कुंकू पुसावे लागते. त्याच फेरफारात माझ्या दोन्ही आत्यांचीही नावे होती. पुढच्या फेरफाराने ती कमी झाली. कारण लिहिले होते, ‘हक्कसोडपत्र’.

आजीला मी हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, “चांदवडच्या सभेत हेच तर बोलले होते.” अशा रीतीने जो इतिहास मी ग्रंथालयात शोधणार होते, तो आमच्या ओट्यावरच बसलेला निघाला.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन चांदवडला भरले. त्याआधी सहा वर्षे, १९८० मध्ये, कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात मोठे आंदोलन झाले होते. भाव मिळाला तर घरातल्या बाईच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. अधिवेशनापूर्वी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ठिकठिकाणी शिबिरे घेऊन शेतकरी बायांना बोलते केले होते आणि त्या चर्चेतून ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तिका तयार झाली. अधिवेशनाला लाखावर बाया आल्या. आमची आजी त्यांतली एक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून शेजारणींबरोबर गेली, बरोबर दोन दिवसांच्या भाकरी बांधून. गर्दीत तिची एक चप्पल हरवली आणि ती उरलेली एक हातात घेऊन घरी आली, हे ती अजून हसून सांगते. भाषणातले फारसे आठवत नाही म्हणते. “पण एवढ्या बाया बिगर लग्नाच्या, बिगर जत्रेच्या एका जागी मी पहिल्यांदाच पाहिल्या.”

चांदवडनंतर दोन कामे विशेष झाली. एक म्हणजे ग्रामपंचायतींत सगळ्या जागांवर बायांची पॅनेल उभी करणे. यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा, जळगाव जिल्ह्यातील विटनेर अशा गावांत ती निवडूनही आली. पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली १९९३ मध्ये, आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव झाल्या २०११ मध्ये. हे लक्षात घेतले म्हणजे त्या बायांचे धाडस कळते.

दुसरे काम म्हणजे ‘लक्ष्मीमुक्ती’. हे १९९० च्या सुमारास सुरू झाले. शेतकरी सरकारकडे कर्जमुक्ती मागतो. मग त्याच्या घरातल्या लक्ष्मीने आयुष्यभर उपसलेल्या कष्टांचे जे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे ते त्याने आधी फेडावे, अशी त्यामागची मांडणी होती. नवऱ्याने आपल्या हयातीत, आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. एका गावात निदान शंभर कुटुंबांनी असे केले की ते गाव ‘लक्ष्मीमुक्त’. शेकडो गावांतून हे झाले. विटनेरचे नाव त्यातही आघाडीवर होते.

मला या योजनेतील शंभरचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. बायकोला जमीन देणे हा घरगुती मामला आहे, त्यात गावाचा काय संबंध, असे आधी मलाही वाटले होते. पण खेड्यात राहिलेल्याला कळेल की एकट्या माणसाने असे केले तर पारावर त्याची काय संभावना होईल. तो बायकोच्या मुठीत गेला म्हणतील, भाऊबंद बोलणे टाकतील. तेच शंभर जणांनी मिळून केले की हसणार कोण? ग्रामविकासाच्या पुस्तकांत ‘लोकसहभाग’ हा शब्द पानोपानी येतो. श्रमदानाने बंधारा बांधणे हा लोकसहभाग आहेच. पण शंभर पुरुषांनी मिळून एकमेकांची लाज मोडणे हाही लोकसहभागच, आणि तो बंधाऱ्याहून अवघड.

अवघड किती, तेही आजीनेच सांगितले. आमच्या गावातही तेव्हा बोलणे निघाले होते. प्रत्येक जण म्हणे, आधी शंभर होऊ द्या, मग मी आहेच. आमचे आजोबा त्यांतलेच. शंभर काही झाले नाहीत.

पुढे १९९२ मध्ये महसूल खात्यानेही परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. मुलींच्या बाबतीत तर कायदा बराच पुढे गेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. २००५ साली वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण कायद्याने दिलेले हक्कसोडपत्राने परत जाते. आत्यांना कोणी धमकावले नव्हते. भाऊ दिवाळीला मूळ पाठवतात, साडीचोळी करतात. सही केली नाही तर तो दरवाजा बंद होईल, एवढे भय पुरेसे असते. मला एक धाकटा भाऊ आहे. तो गुणी आहे, मला बसथांब्यावर सोडायला रोज पहाटे उठतो. उद्या त्याच्यासाठी माझ्यापुढे तोच कागद आला तर मी काय करीन, याचे उत्तर शिबिरातल्या भाषणात मी चटकन दिले असते. आज मला ते देता येत नाही.

बचत गटांविषयी मी वाईट बोलणार नाही. आई गटात महिन्याला शंभर रुपये भरते आणि माझी पहिल्या वर्षाची फी गटाच्या कर्जातूनच भरली गेली. गटामुळे तिला बँकेत जाता येते, सही करता येते. मात्र गटाचे कर्ज मिळते ते बायांनी एकमेकींची हमी घेतल्यामुळे. तिथे जमिनीचा उतारा लागत नाही, म्हणून तो कोणाच्या नावावर आहे हा प्रश्नही निघत नाही. बांगलादेशातील ग्रामीण बँकेने घरासाठी कर्ज देताना घराची जागा बाईच्या नावावर असावी अशी अट घातली होती. आपल्याकडे गट आणि सातबारा यांची अशी गाठ का घालू नये, हे मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना विचारणार आहे.

शेवटी एका रात्री जेवणे झाल्यावर मी नानांपुढे विषय काढला. ते रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, “अगं, माझाच हिस्सा सामाईकात आहे. आधी भावाभावांची वाटणी, मग तुझ्या आईचं नाव.” तलाठी कार्यालयातही मला दुसऱ्या दिवशी तेच सांगण्यात आले. आई भांडी घासता घासता ऐकत होती. तिला आनंद होईल असा माझा समज होता. तिने विचारले, “नाव लागलं म्हणजे सोसायटीचं कर्जबी माझ्या नावावर येईल का?” कर्ज ज्याने काढले त्याचेच राहते, नवे काढायचे झाले तर तिची सही लागेल, असे मी तिला सांगितले. “म्हणजे मला विचारल्याबिगर काढता यायचं नाही?” ती म्हणाली, आणि नळ बंद करून नानांकडे पाहू लागली.

वाटणीची बैठक अक्षय्य तृतीयेनंतर ठरली आहे. आत्यांनाही बोलवावे, असे मी सुचवले. नाना काही बोलले नाहीत. “दोघींना मीच निरोप देते,” असे म्हणून आजीने माझा मोबाइल मागितला.