आधी काय घडले?

कबड्डीच्या सामन्यात एक वाद नेहमी उद्भवतो. चढाई करणारा पकडीत सापडतो, अंग झोकून हात मध्यरेषेकडे नेतो आणि त्याच सुमारास त्याचा दम तुटतो. हात आधी टेकला की दम आधी तुटला? एक गोष्ट डोळ्यांनी टिपायची, दुसरी कानांनी. तुडीलसारख्या गावांतील मैदानांवर अशा निर्णयावरून पंचाच्या सचोटीवरच शंका घेतली जाते. पंच सर्वथा प्रामाणिक असूनही असे घडू शकते, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

ग्रीनिच वेधशाळेत हाच पेच होता. दुर्बिणीतील तारेवरून तारा सरकताना डोळ्यांनी पाहायचा आणि त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे. सहायक किनब्रुक यांची नोंद प्रमुख मॅस्केलिन यांच्या नोंदीपेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिराची येऊ लागली. वेळेतील एवढा फरक विषुववृत्तावर सुमारे ३७० मीटर अंतराएवढा होतो. जहाजांच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हे. (आपल्या कुलाब्याची वेधशाळाही १८२६ साली खगोलनिरीक्षणाबरोबर कालमापनासाठी उभारली गेली.) १७९६ मध्ये किनब्रुक यांची नोकरी गेली. पुढे बेसेल यांनी नामवंत निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातही असे फरक निघाले. किनब्रुक यांच्यावर अन्याय झाला, असेच आम्ही म्हणू.

फरकाची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक म्हणजे अवधान. टिचनर यांनी १९०८ मध्ये त्याचा नियम मांडला : ज्या गोष्टीकडे लक्ष लागलेले असते, ती एकाच वेळी घडलेल्या दुसऱ्या गोष्टीच्या आधी घडल्यासारखी भासते. हा फरक बहुधा सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. पण चुरशीच्या चढाईत तेवढाही पुरतो. रेषेवर नजर खिळलेल्याला हात आधी टेकलेला दिसेल, दमाकडे कान लावलेल्याला दम आधी तुटलेला वाटेल. दोघेही खोटे बोलत नसतात.

क्रिकेटमध्ये धावबाद ठरवतानाही रेषा आणि यष्टी दोन्ही सांभाळाव्या लागतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन येथे दूरदर्शनवरील पुनर्दृश्य पाहून धावबाद ठरविला गेलेला पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. कॅमेऱ्याचे लक्ष एकीकडे ओढले जात नाही.

गावच्या मैदानावर कॅमेरा नसतो. तेथे पालकांनी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यावा. एकाने फक्त रेषा पाहावी, दुसऱ्याने फक्त दम ऐकावा आणि आधी काय घडले, ते एकमेकांशी न बोलता कागदावर लिहावे. चिठ्ठ्या मात्र दहा-बारा चढाया झाल्यावरच उघडाव्यात.