सिंहगडाची हिवाळी चढण आणि बलार्धाचा विचार

कार्तिक सरला की पुण्यातील वैद्यांच्या बाह्यरुग्ण कक्षात एक विशिष्ट वर्ग दिसू लागतो. रविवारी सिंहगड चढून आलेले हे लोक असतात व सोमवारी कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, तर कुणाचे ‘छातीत थोडे जड वाटते’ घेऊन ते येतात. हेमंत व शिशिर हा बलवृद्धीचा काळ असल्याने त्यांना आपण बहुधा उत्तेजनच देतो, आणि ते योग्यच आहे. तथापि ‘हिवाळ्यात व्यायाम करावा’ एवढेच सांगून थांबणे पुरेसे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे अनुभवांती मत झाले आहे.

सिंहगड पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असून समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून अधिक उंच आहे. मोटारीचा रस्ता असला तरी नियमित चढणारे आतकरवाडीच्या पायवाटेने जातात. या वाटेने पुणे दरवाजापर्यंत अंदाजे ६०० मीटर उभी चढण होते. सरावलेला मनुष्य ती पाऊण ते एक तासात चढतो, नवख्यास दीड-दोन तास लागतात. सपाट रस्त्यावर रोज पाच किलोमीटर चालणाऱ्यास ही चढण सोपी जाईल असे गृहीत धरणे चूक आहे. चालणे आणि आपल्याच शरीराचे ओझे उंच उचलणे यांत हृदयावर पडणाऱ्या भाराचा मोठा फरक असतो.

हिवाळ्यात या वाटेचे स्वरूप पालटते. निरभ्र रात्री थंड जड हवा पायथ्याशी साचते. त्यामुळे पहाटे वाडीत हुडहुडी भरते, आणि चढणारा स्वेटर, कानटोपी घालून निघतो. अर्ध्या वाटेवर तो घामाने भिजतो व अंगावरचे काढून कमरेस बांधतो. माथ्यावर पोहोचताच उघड्यावरचा वारा त्या ओल्या सदऱ्यावर लागतो. स्वेदानंतर लगेच शीत वाताचा स्पर्श हा प्रतिश्याय-कासाचा हेतू, म्हणून पाठपिशवीत एक कोरडा सदरा ठेवण्याचा उपदेश कोणत्याही काढ्याइतका मोलाचा आहे. उतरताना दुसरीच अडचण येते. पावसाळ्यातील चिखल वाळून हजारो पावलांखाली मुरुमाची भुकटी होते, वाळलेले गवतही निसरडे होते, आणि पाय घसरू नये म्हणून गुडघे ताठ ठेवून उतरणारा मनुष्य सांध्यांवर आघात ओढवून घेतो. सोमवारचे जानुशूल चढण्याचे नसून बहुतांशी उतरण्याचे असतात. काठी वापरावी, लहान पावले टाकावीत, गुडघा किंचित वाकवून उतरावे, हे सांगितल्यावर केवळ तीळतेलाच्या अभ्यंगाने बरे झालेले रुग्ण अनेक आहेत. मात्र सांधा सुजलेला, उष्ण असेल तर लगोलग मर्दन वा जानुबस्ती करू नये.

आता मुख्य मुद्दा. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात शीतकाळी व वसंतात बलवान व स्निग्धभोजी मनुष्याने अर्धशक्तीने व्यायाम करावा असे सांगितले आहे. येथे तीन अटी आहेत, पण आपण रुग्णास केवळ ऋतू सांगतो. बल आणि स्निग्ध आहार या अटी गाळल्या जातात आणि ‘अर्धशक्ती’ म्हणजे नेमके किती हे तर बोललेच जात नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात त्याचे माप दिले आहे: व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला की ते बलार्धाचे लक्षण. म्हणजे नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबण्याची वेळ झाली. चढताना सोबत्याशी सलग दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत, या आजच्या व्यायामशास्त्रातील कसोटीचा आशय याहून फार निराळा नाही. या मापाचे वैशिष्ट्य असे की ते प्रत्येकाचे स्वतःचे असते. तिशीतील गिर्यारोहकाचे बलार्ध पुणे दरवाजाशी येईल, मधुमेही निवृत्त गृहस्थाचे पहिल्याच वळणावर.

गडावरील रिवाज याच्या अगदी उलट आहे. तेथे मिनिटे मोजतात. आतकरवाडीच्या वाटेवर वर्षानुवर्षे येणाऱ्यांचा एक मोठा परिवारच आहे. नावे ठाऊक नसली तरी चेहरे ठाऊक असतात, नमस्कार होतो, चिक्की वाटली जाते. हिमालयात जाऊ इच्छिणारे पाठीवर वजन घेऊन याच वाटेवर सराव करतात व सत्तरीतले आजोबाही तिशीतल्यांस मागे टाकतात. या स्नेहाबरोबरच एक अबोल स्पर्धाही असते. ‘गेल्या रविवारी पंचावन्न मिनिटे, आज बावन्न’ हे वाक्य मी स्वतः अनेकदा बोललो आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, म्हणजे ऐन शिशिरात, तानाजी मालुसरे व त्यांचे मावळे हा गड चढले, याचे स्मरण देऊन एकमेकांना चढवणारेही भेटतात. ते मावळे जन्मापासून डोंगरात वाढलेले होते, खुर्चीवर आठवडा काढून रविवारी उगवलेले नव्हते, हे त्यांना कोणी सांगावे! अतिव्यायाम, जागरण, अतिमार्गक्रमण इत्यादी साहस करणारा मनुष्य हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, ही वाग्भटाची उपमा सिंहगडाच्या पायथ्याशी विशेषच आठवते.

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ मार्गशीर्षात माझ्याकडे आले. गड चढताना उरात जळजळ व जडपणा जाणवतो, थांबले की पाच मिनिटांत ओसरतो, असे त्यांनी सांगितले. पहाटे उपाशीपोटी चहा घेऊन निघण्याची त्यांची सवय ऐकून मी अम्लपित्ताचे निदान केले व अविपत्तिकर चूर्ण दिले. ‘थांबले की ओसरतो’ या शब्दांकडे माझे दुर्लक्ष झाले. अम्लपित्त चढणीबरोबर वाढून विश्रांतीने पाच मिनिटांत शमत नसते. तिसऱ्या रविवारी ते वाटेतच बसले. नेहमीच्या सोबत्यांनी त्यांना चालू दिले नाही, चादरीच्या झोळीतून खाली आणले व रुग्णालयात पोहोचविले. तेथे हृदयाच्या धमनीतील अवरोध आढळला व त्याच रात्री तो दूर करण्यात आला. ते वाचले, याचे श्रेय माझे नाही.

नंतर त्या सोबत्यांशी बोललो, तेव्हा त्यांच्यापैकी एक म्हणाले, ‘‘वैद्यराज, महिनाभर आम्ही बघत होतो. एरवी अखंड बोलणारा माणूस दुसऱ्या टप्प्यानंतर गप्प व्हायचा. बुटाची नाडी बांधायचे निमित्त करून थांबायचा.’’ बलार्धाचे लक्षण त्यांनी पाहिले होते, मी विचारले नव्हते. तेव्हापासून गड चढणाऱ्या रुग्णास मी दोन प्रश्न अवश्य विचारतो: कोणत्या ठिकाणी बोलणे थांबते, आणि ती जागा गेल्या वर्षीपेक्षा खाली आली आहे काय? शक्य झाल्यास सोबत्यासही बोलावतो. प्रश्नपरीक्षेत आप्तांचे सांगणे आपण घेतोच, गडावरचा सोबती हाही त्या वेळेपुरता आप्तच होय.

शास्त्रात याची पूर्वसूचना आहेच. चरकाने कियन्तःशिरसीय अध्यायात वातज हृद्रोगाचे हेतू सांगताना उपवास, व्यायाम व रूक्ष, शुष्क, अल्प भोजन यांचा एकत्र उल्लेख केला आहे. पहाटे उपाशी निघून वेगाने चढणारा मनुष्य ही सामग्री स्वतःच जमवतो. त्यात हेमंतात अग्नी प्रबल, त्यास इंधन न मिळाल्यास तो रसधातूचेच शोषण करतो. आधुनिक दृष्टीनेही थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि हृद्विकाराचे झटके हिवाळ्यात व सकाळच्या प्रहरी अधिक येतात. म्हणून निघण्यापूर्वी तिळगूळ, डिंकाचा लहान लाडू किंवा तुपासह थोडी पेज घ्यावी. भरपेट जेवून मात्र चढू नये, कारण अजीर्णी मनुष्यास व्यायाम वर्ज्यच आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी चढणे अधिकच धोक्याचे. त्यांचा थरकाप व घाम श्रमाचा समजला जातो, म्हणून खिशात साखर वा गूळ असावा. रक्तदाबाची गोळी ‘उतरल्यावर घेऊ’ म्हणून पुढे ढकलू नये. तमकश्वासाच्या रुग्णाने थंड कोरड्या हवेत नाकातोंडावर उपरणे घ्यावे व आपले नेहमीचे श्वासाचे औषध जवळ बाळगावे. अतिव्यायामाच्या उपद्रवांत वाग्भटाने प्रतमक सांगितला आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

गडावरच्या मडक्यातील दह्याविषयी रुग्ण हमखास विचारतात आणि बहुतेक वैद्य ‘थंडीत दही नको’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः दही निषिद्ध आहे ते शरद, ग्रीष्म व वसंतात आणि रात्री. हेमंत-शिशिरात दिवसा, कफाचा वा रक्तपित्ताचा रुग्ण नसल्यास ते चालते. पाहावयाचे ते वेगळेच: थंडीत विरजण नीट लागत नाही, आणि अर्धवट लागलेले मंदक दही त्रिदोषकर सांगितले आहे. दही घट्ट, किंचित आंबट असेल तर खावे, तेही घाम सुकल्यावर.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंस एक विनंती. हिवाळ्यात च्यवनप्राश व वातघ्न तेलांची विक्री वाढते, ती वाढावी. परंतु पन्नाशीपुढील ग्राहक ‘गड चढताना छातीत जळजळते’ म्हणून शंखवटी मागू लागला, तर ती देण्यापूर्वी ‘थांबल्यावर ओसरते काय?’ एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास वटी न देता त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढण्यास पाठवावे. आलेख विश्रांतीत निर्दोष आला म्हणून निश्चिंत होऊ नये, हृद्रोगतज्ज्ञांकडून श्रमचाचणीचा निर्णय घ्यावा. वाटेतच वेदना सुरू झाल्यास रुग्णास बसवावे, चालवत उतरवू नये व १०८ क्रमांकावर कळवावे. माथा जवळ असेल तर खाली वाडीत आणण्यापेक्षा उचलून गाडीतळाकडे नेणे सोयीचे, कारण वाहन तेथवर येते.

ते गृहस्थ हृद्रोगतज्ज्ञांच्या अनुमतीने पुढील वर्षीच्या माघात पुन्हा वाटेवर आले. आता ते पहिल्या टप्प्यापर्यंतच जातात, तेथील दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलतात, आणि कोणी फारच धापा टाकत आला तर त्यास शेजारी बसवून घेतात.