मशीन बंद, तरी पाणी चालू

एका घरात कपडे धुण्याचं मशीन आलं. वरचं झाकण उघडायचं, कपडे टाकायचे, बटण दाबायचं. पुढचं काम मशीन करतं. सासू-सुनेची पाठ वाचली.

एके दिवशी सकाळी सून पाहते, तर टब निम्मा भरलेला!

"अगं, रात्री मशीन बंद नव्हतं का केलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"बंद केलं होतं, आत्याबाई. बटण बंद केलं की पाणी थांबायचं. आता थांबत नाही."

कारागीर आला. म्हणाला, "आतली किटच गेली. नवी घाला. बराच खर्च येईल." घरात पैसा नव्हता. सुनेचा धाकटा दीर वीजकाम शिकत होता. तो म्हणाला, "वहिनी, थांबा. आधी तपासू, मग खर्च करू."

त्यानं प्लग सॉकेटमधून काढला. नळ चालूच ठेवला. टबात पाणी ठिबकतच राहिलं.

"पाहिलंत वहिनी? वीज नाही, म्हणजे किट हुकूम देऊच शकत नाही. तरी पाणी येतं. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा."

"आणि प्लग काढल्यावर पाणी थांबलं असतं तर, भाऊजी?"

"तर व्हॉल्व्ह बहुधा ठीक. मग पाण्याची पातळी मोजणारा भाग, किट आणि तारा तपासायच्या."

व्हॉल्व्ह काम कसं करतो?

नळाची नळी मशीनला जिथं जोडतात, तिथंच आत बहुधा व्हॉल्व्ह असतो. त्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिला कॉइल म्हणतात. वीज आली की कॉइलचं लोहचुंबक बनतं. ते लोखंडाची छोटी दांडी वर ओढतं. मग रबराचा पडदा उचलला जातो आणि पाणी वाहतं. वीज गेली की स्प्रिंग दांडी खाली ढकलते. पडदा बसतो, पाणी थांबतं.

पडद्याखाली वाळूचा कण अडकला, किंवा रबर झिजलं, तर पडदा नीट बसत नाही. पाणी झिरपत राहतं. नळाला जोर फार कमी असला, तरीही पडदा घट्ट बसत नाही. म्हणून टाकी उंचावर हवी.

खुणा ओळखा

१. प्लग काढूनही पाणी येतं : पडदा खराब.
२. पाणी हळू येतं : तोंडाची जाळी गाळानं भरली, किंवा जोर कमी. जाळी काढून ब्रशनं धुवा.
३. नळाला पाणी आहे, पण मशीनमध्ये थेंब नाही, आवाजही नाही : कॉइल जळाली असेल, किंवा वीजच पोचत नसेल. मीटर लावून जाणकारानं तपासावं.

व्हॉल्व्ह कसा बदलला?

दिरानं आधी प्लग काढला. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग नळ बंद केला. खाली बादली ठेवून नळी सोडवली. हात कोरडे केले. मागचं झाकण उघडलं.

"वहिनी, कुठली तार कुठं आहे, ते कागदावर लिहा."

सुनेनं रंग आणि जागा लिहून ठेवल्या. साक्षरतेच्या वर्गात शिकलेलं अक्षर उपयोगी पडलं. स्क्रू काढून जुना व्हॉल्व्ह बाहेर निघाला. तोच घेऊन दोघं दुकानात गेली. त्याच्यावर छापलेले आकडे सुनेनं वाचले आणि नव्याशी ताडून पाहिले. आकार, तोंडं आणि वीज, तिन्ही जुळली. किटपेक्षा फार थोड्या पैशांत काम झालं.

घरी आल्यावर कागद पाहून तारा लावल्या. नळीतलं रबरी वाशर नीट बसवलं. नळ उघडून दहा मिनिटं पाहिलं. गळती नाही. झाकण लावलं. मगच प्लग लावला. मशीन भरलं आणि वेळेवर थांबलं.

"वहिनी, कागद जपून ठेवा," दीर हसला.

ध्यानात ठेवा

उघड्या मशीनला वीज लावू नका. ओल्या हातांनी प्लग धरू नका. वीजकाम येत नसेल, तर जाणकार बोलवा. पण खूण काय दिसली, ते त्याला स्वतः सांगा. काम संपलं की नळ बंद करा.

प्रश्न

१. दोष किटमध्ये नाही, हे दिरानं कसं ओळखलं?
२. सुनेनं तारांचे रंग का लिहून ठेवले?
३. प्लग लावण्याआधी गळती का पाहिली?