वर्गणीची वही

आमच्या पाटबंधारे खात्यात ३१ मे ही तारीख लगीनसराईतल्या शेवटच्या मुहूर्तासारखी असते. जुन्या काळी पोराला शाळेत घालताना बापाला जन्मतारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे अठ्ठावन्न-साठ वर्षांनी ती सगळी पोरं एकाच संध्याकाळी शाली पांघरून एका रांगेत बसतात. मी आस्थापना शाखेत. सेवापुस्तकं माझ्या कपाटात, म्हणून कोण कधी निवृत्त होणार हे मला सगळ्यांत आधी कळायचं, आणि म्हणूनच वर्गणीची वही माझ्याकडे आली. तिला आता तेवीस वर्षं झाली.

एका वर्षी चौघे एकदम निवृत्त झाले. चार शाली, चार श्रीफळं, भिंतीवरची चार घड्याळं. त्या दिवाळीत त्यांतल्या एकाच्या घरी फराळाला गेले, तर आमचं घड्याळ पलंगाखाली, खोक्यातच. वरचा चमकीचा कागदही फाडलेला नव्हता. त्याखाली आणखी दोन खोकी होती, एक संघटनेचं, एक पाणीवापर संस्थेचं. माझी नजर गेलेली पाहून वहिनींनी चादर खाली ओढली. त्यांना ओशाळं वाटलं याचं मला फार लागलं. त्यानंतर मी भेटवस्तू निवडायला वेळ काढू लागले. जे कळत गेलं, ते वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवलं.

१. पहिली भेट सेवापुस्तकात असते

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका कार्यालयात होते. तिथल्या एका चौकीदाराचा निरोप समारंभ थाटात झाला. जेवणावळ झाली, भाषणं झाली, साहेबांचे डोळे भरून आले. पेन्शन सुरू व्हायला मात्र अकरा महिने लागले. रोजंदारीवरून सीआरटीवर, म्हणजे रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर, घेतल्याचा आदेश सेवापुस्तकात लावलेला नव्हता आणि मधल्या चार वर्षांची सेवा पडताळणी राहून गेली होती. तोवर तात्पुरती पेन्शन मिळू शकते, हेही त्याला कुणी सांगितलं नाही. त्याने म्हैस विकली.

निवृत्तिवेतनाचे नियम १९८२ चे आहेत. दोन वर्षं आधी कागद जुळवायला घ्यायचे आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे पाठवायचं. हे न झाल्यामुळे जो माणूस रिकाम्या हाताने घरी बसतो, त्याच्या अंगावर आपण शाल घालतो. म्हणून वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का, नामनिर्देशन भरलंय का, बायकोचं नाव आधार कार्डावर आणि सेवापुस्तकात एकसारखं आहे का, हे मी आधी पाहते. वर्गणी मागायला त्यानंतर उठते. तुम्ही आस्थापनेत नसाल तर निदान त्या माणसाला घेऊन आस्थापनेच्या टेबलापाशी या. एकटा आला तर तो दारातूनच परत जातो, हे मी रोज बघते.

२. पेन्शनचा फोटो

पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. आमच्या कालव्यावरच्या किती जोडप्यांचा लग्नानंतरचा तो पहिलाच फोटो असतो! लग्नातलाही असतोच असं नाही. एका चौकीदारमामांना आणि मामींना मी स्वतः स्टुडिओत घेऊन गेले. मामी नवी कोरी साडी नेसून आल्या होत्या, पदराची घडी मोडू नये म्हणून दुचाकीवर मागे अगदी ताठ बसून आलेल्या. फोटोग्राफर म्हणाला, जरा जवळ सरका. दोघंही सरकेनात. शेवटी मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि हळूच खुर्ची बायकोकडे ओढली. त्या क्षणी मामी हसल्या नि तोच फोटो निघाला.

फॉर्मवर तो बोटभर चिकटतो. मी निगेटिव्ह मागून घेतली आणि वर्गणीतून त्याची मोठी प्रत करून सागवानी चौकटीत बसवली. समारंभात कागद काढल्यावर मामा तो फोटो छातीशी धरून बसले, भाषणं संपेपर्यंत. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाला ही भेट असतेच. बाकीचं काय द्यायचं, ते माणूस बघून ठरतं.

३. वर्गणीचे आकडे कुणाला दिसू नयेत

पहिली काही वर्षं मी नाव आणि रक्कम लिहिलेली यादी फलकावर लावत असे, हिशेब चोख राहावा म्हणून. एकदा कळलं की आमच्या रोजंदारीवरच्या मुलाने यादीत आपलंच नाव सगळ्यांत खाली दिसतं म्हणून चहावाल्याकडून दोनशे रुपये उसने घेतले होते. यादी मी त्याच दिवशी काढली. आता एक बंद पाकीट टेबलांवरून फिरतं. कुणी पन्नास टाकतो, कुणी हजार. एक मात्र निक्षून पाळते: ठेकेदाराचा एक रुपयाही त्यात घ्यायचा नाही, तो कितीही प्रेमाने देत असो. प्रामाणिकपणे नोकरी केलेल्या माणसाच्या शेवटच्या दिवसाला तो डाग नको.

४. ‘काय देऊ?’ असं विचारू नये

त्याला विचारलंत तर ‘कशाला उगाच खर्च’ हेच उत्तर येणार. घरी विचारावं, आणि तेही हौस काय राहिली म्हणून. आमच्या एका शाखा अभियंत्यांच्या पत्नी बराच वेळ ‘त्यांना काहीच लागत नाही’ एवढंच म्हणत राहिल्या. उठता उठता बोलून गेल्या, ‘पूर्वी पेटी वाजवायचे. मुलाच्या दहावीच्या वर्षी माळ्यावर टाकली, ती तिथेच आहे.’

बाजारात नवी पेटी मिळाली असती. पण त्यांची पेटी ती माळ्यावरचीच, वडिलांच्या भजनी मंडळातली. त्यांच्या मुलाने साहेब दौऱ्यावर असताना ती खाली उतरवली. भाता उंदरांनी कुरतडलेला, चार-पाच पट्ट्या दाबल्या की वर येईनात, दोन सूर तर मुकेच. दुरुस्त करणाऱ्याने तीन आठवडे घेतले. नवा भाता बसवला, सूर लावून दिले, पण पट्ट्यांवरची झीज मी तशीच ठेवायला सांगितली. समारंभात साहेबांनी झाकण उघडलं आणि आधी त्या झिजलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. वाजवली नाही, तिथे त्यांना जमलंच नाही. रात्री नऊ वाजता त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता फोन पेटीजवळ धरून ठेवला.

जुनी वस्तू दुरुस्त करून देणं मला नव्या वस्तूपेक्षा मोठं वाटतं. मात्र त्यासाठी तीन महिने आधी सुरुवात करावी लागते. आदल्या दिवशी बाजारात गेलं की घड्याळच हाती येतं.

५. नोकरी बायकोनेही केलेली असते

आमचे एक कालवा निरीक्षक अण्णा. प्रवरेच्या कालव्यावर तीस वर्षं. उन्हाळी आवर्तन सुटलं की अण्णा घरी जेवायला येतील याचा भरवसा नसायचा. शेजपाळीवरून, म्हणजे पाण्याच्या पाळीवरून, दोन शेतकरी हातघाईवर आले की रात्री दोनला कुणीतरी दार वाजवायचं. घरात दुखणी आली, बाळंतपणं झाली, आणि काकूंच्या कानावर दर वेळी तेच वाक्य पडायचं: धरणातून पाणी सुटलंय. अण्णांसाठी भेट शोधायला गेले तेव्हा बोलण्या-बोलण्यात कळलं की काकूंनी ते धरण कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही एक गाडी ठरवून दिली, दोन दिवसांची, राहण्या-जेवणासकट. मेमध्ये धरणात काय असतं? म्हणून पाकिटात तारीख ऑगस्टची घातली. अण्णांनी हट्टच धरला म्हणून मीही बरोबर गेले. पाण्याच्या उलट्या वाटेने निघालो. आधी संगमनेरच्या खालच्या अंगाला ओझरचा बंधारा, जिथून डावा आणि उजवा कालवा निघतो. मग अकोले, राजूर आणि भंडारदरा. १९२६ साली पुरं झालेलं दगडी धरण, अकरा टीएमसीचं, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा काठोकाठ भरलेलं. पाऊस भुरभुरत होता. काकू छत्री मिटून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग अण्णांकडे न पाहताच म्हणाल्या, ‘एवढं पाणी हाये, अन् तुम्ही रात-रात एका चारीपायी उभे ऱ्हायचे व्हय?’

अण्णांनी त्यांना तिथे उभ्याउभ्या सगळं समजावलं. गेज म्हणजे काय, सात नंबरचा अर्ज म्हणजे काय, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी पाणी का द्यायचं. काकू एकेक प्रश्न विचारत होत्या. तीस वर्षं घरात ज्याविषयी फक्त भांडण झालं होतं, त्याविषयी ते दोघं पहिल्यांदा बोलत होते. मी चहा आणायच्या निमित्ताने बाजूला झाले.

६. बाईला समई, कुकर, भांडी देऊ नका

बाई ऑफिसातून निवृत्त होते, स्वयंपाकघरातून नाही. उलट ‘आता घरीच असतेस ना’ म्हणून तिथलं काम वाढतं. आमच्या प्रथम लिपिक बाईंसाठी सगळ्यांनी मिक्सर सुचवला होता. मी अडून बसले. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिप्पण्या नीट केल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून खणात ठेवलेली कादंबरी वाचली. आम्ही त्यांना गावच्या वाचनालयाचं आजीव सभासदत्व दिलं. फोटोखेरीज हातात ठेवायला एक पावती आणि एक कार्ड, बाकी काही नाही. काहींनी नाकं मुरडली. सहा महिन्यांनी बाई भेटल्या तर म्हणाल्या, ‘पुस्तक बदलायचंय म्हटलं की चार वाजता घरातून निघता येतं. कुणी अडवत नाही.’ वाचनालय त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. त्या सहा वाजता परततात.

७. हे तर मुळीच नको

काठी, रक्तदाब मोजायचं यंत्र, आणि ‘आता देवाधर्माचं बघा’ असं सुचवणारं काहीही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस म्हातारा झालेला नसतो. खात्याचं नाव ठळक आणि त्याचं बारीक असलेलं स्मृतिचिन्हही नको. आणि ज्याचं घर गळतंय त्याला पाकिटात रोख रक्कम द्यायला लाजू नका. आमच्या शिपाई मावशींनी त्या पैशांतून पावसाआधी पत्रे बदलले.

८. विशेषणं नकोत, एक दिवस लिहा

निरोपाच्या वहीत सगळे ‘मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख’ लिहितात. तीच तीन विशेषणं पुढच्या वर्षी दुसऱ्याला. मी आता सगळ्यांना सांगते की त्या माणसाबरोबरचा एक दिवस लिहा, काय झालं तेवढंच. बदलून गेलेल्यांनाही पत्र टाकून मागवते. आमच्या जीपच्या चालकाला लिहिता येत नव्हतं. निवृत्त होणाऱ्या साहेबांबद्दल तो सांगत गेला, मी लिहीत गेले: ‘कालवा फुटला त्या रात्री मी थंडीने काकडलो होतो. साहेबांनी त्यांचं जर्किन मला घातलं आणि म्हणाले, गाडी तुला चालवायचीय, मला नुसतं ओरडायचंय. सकाळी त्यांना ताप होता.’ खाली त्याने अंगठा उमटवला. साहेबांना ही गोष्ट आठवतसुद्धा नव्हती.

९. नोव्हेंबरात जाऊन यावं

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे उमटत नाहीत, मोबाइलवर चेहरा धरता येत नाही, मुलं गावात नसतात. त्या महिन्यात मी सुट्टीच्या दिवशी दोन-चार घरी जाऊन येते. आपण दिलेल्या भेटीचं काय झालं, तेही तेव्हाच कळतं.

गेल्या नोव्हेंबरात चौकीदारमामांच्या घरी गेले. मामा आषाढात गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद त्या जोड-फोटोवरून आणि मी तपासलेल्या नावावरून बिनबोभाट झाले होते. मामींनी चहा ठेवला. समोरच्या भिंतीवर सागवानी चौकटीतला तो फोटो होता. मामा टोपीत, मामी हसताहेत. फोटोला हार नव्हता. मी बघत्येय हे मामींच्या ध्यानात आलं.

‘हार आणला व्हता, ताई,’ त्या म्हणाल्या. ‘पण घालू कसा? शेजारी मीच बसलेय ना. मंग रोज सकाळी पदराने नुसतं पुसून घेते.’