घड्याळ आणि मंगळसूत्र

विद्यार्थिमित्रहो, घरच्या गरिबीमुळें अमक्याची शाळा सुटली, हें आपल्या कानांवर वारंवार पडतें. त्या गरिबीस दोन शिक्षणवीरांनीं काय उत्तर दिलें, तें येथें पाहावयाचें आहे.

बुकर टी. वॉशिंग्टन हे १८५६ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत एका गुलाम स्त्रीच्या पोटीं जन्मले. गुलामगिरी नष्ट झाल्यावर हॅम्प्टन येथील विद्यालयांत झाडलोट करून त्यांनीं शिक्षण घेतलें. १८८१ सालीं अलाबामा प्रांतांतील टस्किगी येथें कृष्णवर्णीयांसाठीं निघालेल्या शाळेचे ते प्रमुख झाले, आणि १९१५ सालीं मृत्यु येईपर्यंत तें पद त्यांनीं सांभाळलें. इमारतीच्या विटा विद्यार्थ्यांनींच पाडाव्या, असें त्यांनीं ठरविलें. मुलांस असें राबविणें कित्येक आईबापांस रुचलें नाहीं. तीन वेळां भट्टी फसली व पैसाही संपला. तेव्हां आपलें घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकून त्यांनीं चौथी भट्टी लावली, आणि ती साधली. घड्याळ मात्र कायमचें गेलें. ती शाळा आज विद्यापीठ आहे.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ सालीं कुंभोज येथें झाला. त्यांचें घराणें आपल्याच वाळवे तालुक्यांतील ऐतवडे बुद्रुकचें. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि स्वतः कष्ट करीत. मुलांच्या अन्नाची अडचण पडली, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने व अखेर मंगळसूत्रही काढून दिलें.

वॉशिंग्टन यांच्या हातकामावरील भरामुळें उच्च शिक्षण मागें पडतें, असा आक्षेप ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानानें घेतला होता. भाऊरावांनीं श्रम आणि उच्च विद्या यांची जोड घातली. १९४० सालीं साताऱ्यास श्रम करून शिकण्याचें हायस्कूल व १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज त्यांनीं काढलें. १९५९ सालीं ते निवर्तले.

पालकहो, शिकणाऱ्या मुलाच्या हातीं खोरें दिसलें, तर त्यांत कमीपणा मानूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, आपल्या शिक्षणापायीं आपल्या घरांतील कोणती वस्तु मोडली गेली, हें आज आईस एकदां विचारा. तिचें उत्तर ऐकल्यावर पुस्तक उघडावयास कोणी सांगावें लागणार नाहीं.