डॅशबोर्ड : चिखल अडविणाऱ्या फळीची कथा

जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत अलीकडे एक शब्द वारंवार कानी पडतो : 'डॅशबोर्ड'. संगणकाच्या एकाच पडद्यावर योजनांची आकडेवारी, आलेख व रंगीत खुणा एकत्र दाखविणारी मांडणी, असा त्याचा आजचा अर्थ होय. या शब्दाचा जन्म मात्र रस्त्यावरील चिखलात झाला.

इंग्रजीतील 'डॅश' या क्रियापदाचा एक अर्थ जोराने उसळून आदळणे असा आहे. घोडा दौडू लागला म्हणजे त्याच्या खुरांनी उडालेला चिखल व खडे गाडीवानाच्या अंगावर येत. ते अडविण्यासाठी घोडागाडीच्या पुढील बाजूस लाकडाची किंवा चामड्याची आडोशाची फळी बसवीत. तोच मूळचा डॅशबोर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा शब्द रूढ झालेला दिसतो. त्या फळीवर वाचण्यासारखे काहीच नसे.

मोटार आली, घोडा गेला, फळी मात्र राहिली. अमेरिकेतील ओल्ड्समोबिलची 1901 सालची गाडी तर पुढील वळणदार फळीवरूनच 'कर्व्हड डॅश' या नावाने ओळखली गेली. पुढे वेग, इंधन व तेलाचा दाब दर्शविणारी उपकरणे याच जागी आली आणि चालकासमोरील उपकरणांचा फलक एवढाच अर्थ उरला. व्यवस्थापनशास्त्रानेही अशीच कल्पना उचलली. 1992 मध्ये कॅप्लान व नॉर्टन यांनी संस्थेच्या कारभाराच्या मोजमापांना विमानचालकासमोरील तबकड्यांची उपमा दिली होती. संगणकाच्या पडद्यास डॅशबोर्ड म्हणणे हे त्याच विचारसरणीतले.

मराठीत 'माहितीफलक' हा पर्याय सहज सुचतो. तो सोपा आहे, पण पुरेसा नाही. माहितीफलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावकऱ्यांनी वाचावयाचा असतो. डॅशबोर्ड गाडी हाकणाऱ्यासाठी असतो. आणखी एक भेद अधिक महत्त्वाचा आहे. मोटारीतील वेगाचा काटा यंत्राला जोडलेला असतो, वेग बदलताच तो हलतो. शासकीय डॅशबोर्डवरील आकडा बहुधा कोणीतरी भरलेला असतो.

2019 मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविलेले आहे. नळजोडणी पूर्ण झाल्याची नोंद पडद्यावर क्षणात दिसते. उन्हाळ्यात विहीर आटल्यावर त्या नळाला पाणी येते किंवा नाही, हे मात्र नवी नोंद झाल्याखेरीज जिल्ह्याच्या ठिकाणी कळत नाही. आणि ती नोंद करण्यापूर्वी कोणीतरी गावात जाऊन नळ सोडून पाहिलेला असावा लागतो.